गायकासाठी वायरलेस माईक घेताय? या चुका टाळा

डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्यात, पेटीवर बसून गाणाऱ्या बुवांना वायरलेस माईक कशाला हवा? स्टँडवरचा वायरचा माईक स्वस्त पडतो आणि गजर रंगात आला असताना सेल संपत नाहीत. वायरलेस घ्यावा तो मंचभर फिरत गाणाऱ्याने.

आणि त्यानेही खोक्यावरची रेंज बघून घेऊ नये. तो आकडा मोकळ्या मैदानातला असतो. जत्रेत शेजारच्या मंडपातही तसाच सेट लागला आणि दोघांची फ्रिक्वेन्सी एकच निघाली, तर तुमचं गाणं त्यांच्याकडे ऐकू जाईल! म्हणून फ्रिक्वेन्सी बदलता येणारा यूएचएफ (वायफायपेक्षा खालच्या, वेगळ्या पट्ट्यात चालणारा) सेट बघा. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात वायफाय आणि ब्लूटूथही चालतात, त्यामुळे रिकाम्या मंडपात तालमीला छान वाजलेला माईक गर्दी जमली की तुटू लागतो. रिसिव्हरला, म्हणजे माईकचा सिग्नल पकडणाऱ्या डब्याला, दोन अँटेना दिसल्या म्हणून ‘डायव्हर्सिटी’ (एकाच माईकचा सिग्नल दोन्ही अँटेनांनी पकडून चांगला तो वापरण्याची सोय) समजू नका. स्वस्तातल्या दोन माईकांच्या जोडसेटमध्ये बऱ्याचदा एकेका माईकला एकेक अँटेना असते. गायक एकच असेल, तर त्याच पैशात चार माईकांचा सेट घेण्यापेक्षा एकच बरा घ्या.

आवाज मध्येच तुटतोय? माईकला दोष देण्याआधी रिसिव्हर कुठे ठेवलाय ते बघा. बहुतेक वेळा तो मिक्सरजवळ जमिनीवर, नाहीतर लोखंडी रॅकच्या आत असतो. माणसाचं शरीर सिग्नल शोषून घेतं, म्हणून रिसिव्हर डोक्यांच्या वर, गायक थेट दिसेल असा ठेवावा आणि अँटेना इंग्रजी ‘व्ही’सारख्या उघडाव्यात.

स्पीकरमधून शिट्टी वाजते ती पुष्कळदा गायकाच्या मुठीमुळे. जाळी हातात धरली की माईक चहूकडचं ऐकायला लागतो. सुपरकार्डिऑइड (मुख्यतः समोरचं आणि थोडं मागचंही ऐकणारा) माईक असेल, तर मॉनिटर, म्हणजे गायकाकडे तोंड केलेला स्पीकर, गायकाच्या अगदी समोर नको, थोडा बाजूला तिरपा लावा. वरच्या पट्टीत आवाज फाटत असेल, तर आधी माईकच्या ट्रान्समीटरची (सिग्नल पाठवणाऱ्या भागाची) सेन्सिटिव्हिटी, म्हणजे आवाज उचलण्याची पातळी, कमी करा. तिथेच फाटलेला आवाज मिक्सरवर हळू केला, तरी फाटलेलाच राहतो.

आपल्याकडची खारी, दमट हवा वेगळीच. माईकच्या जाळीआड आवाज टिपणारा भाग म्हणजे कॅप्सूल. त्यातली नाजूक कंडेन्सर जातीची दमटपणात कुरकुरू शकते, दणकट डायनॅमिक जातीची जास्त सोसते. सेल आत ठेवून माईक पावसाळाभर खोक्यात टाकला, तर गणपतीत उघडल्यावर सेलला टेकणाऱ्या पत्र्यांवर हिरवा थर दिसेल. चार्जिंगचे नेहमीचे निकेलचे (NiMH) सेल १.२ व्होल्टचे असतात, त्यामुळे काही माईक पूर्ण चार्जलाही बॅटरीची एक दांडी कमी दाखवतात. तेवढ्यासाठी दुकानात परत नेऊ नका.