इंटर्नशिप केली, पण क्रेडिट मिळालं नाही? या चुका टाळा

ठाणे-नवी मुंबईतल्या कॉमर्सच्या मुलांना इंटर्नशिपसाठी फार लांब जावं लागत नाही. वागळे इस्टेट आणि नौपाड्यातली सीए ऑफिसं, ऐरोलीचं माइंडस्पेस, महापेचं मिलेनियम बिझनेस पार्क, वाशीचं एपीएमसी (कृषी उत्पन्न बाजार), न्हावाशेवा बंदरामुळे उरण-बेलापूरकडे वाढलेल्या फ्रेट फॉरवर्डिंगच्या, म्हणजे मालवाहतुकीची व्यवस्था लावणाऱ्या कंपन्या. कामाला तोटा नाही. तरीही मन लावून काम केलेल्या मुलांचे क्रेडिट (पदवीसाठी मोजले जाणारे श्रेयांक) अडकतात, आणि बहुतेक वेळा घोळ पहिल्या दिवसाच्या आधीच झालेला असतो.

तो घोळ असा. ओळखीतून काम मिळतं, सोमवारपासून ये म्हणतात, मुलगा जातो. कॉलेजला कळतं ते महिन्याभराने, सर्टिफिकेट हातात आल्यावर. मग समजतं की कॉलेजची पूर्वपरवानगी हवी होती, कॉलेजने नेमलेला मार्गदर्शक शिक्षक हवा होता आणि कंपनीतला मेंटॉर कोण हे आधी कळवायचं होतं. ओजेटी (ऑन-द-जॉब ट्रेनिंग, म्हणजे क्रेडिटसाठी करायची ही इंटर्नशिप) हा अभ्यासक्रमातला विषय आहे, त्याला शिक्षक आणि मूल्यमापन असणारच. म्हणून क्रम सोडू नका: आधी कॉलेजचं विनंतीपत्र, मग कंपनीचं लेटरहेडवरचं होकारपत्र, मग कॉलेजची लेखी मंजुरी आणि त्यानंतर काम. 'सर हो म्हणाले' एवढ्यावर थांबू नका. एक ईमेल टाका, म्हणजे तारखेसकट पुरावा राहतो.

तासांचा हिशोब

यूजीसीच्या आराखड्यात इंटर्नशिपचा १ क्रेडिट म्हणजे ३० तास. चार क्रेडिटला १२० तास लागतात. मुलं 'एक महिना' एवढंच डोक्यात धरतात. शनिवार-रविवार सुट्टी असेल तर महिन्यात साधारण २२ दिवस भरतात. रोजचे पाच तास धरले तर ११० होतात, म्हणजे दहा तास कमी पडले. जेवणाची सुट्टी धरायची नाही, आणि ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीत गेलेला वेळ तर नाहीच नाही. सर्टिफिकेटवर 'अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत, एकूण १२० तास' असं स्पष्ट लिहून घ्या. चार-पाच तास जास्तच भरलेले बरे.

सेमिस्टर चालू असताना इंटर्नशिप घेत असाल तर ७५ टक्के हजेरीचा नियम विसरू नका. ओजेटीच्या तासांमुळे बाकीच्या लेक्चरची गैरहजेरी आपोआप माफ होत नाही.

लॉगबुक

लॉगबुक म्हणजे रोजच्या कामाची नोंदवही. सगळ्यात जास्त मार्क इथे जातात, याचं मला फार वाईट वाटतं, कारण काम खरंच झालेलं असतं. पानोपान 'टॅलीमध्ये एंट्री केल्या' एवढंच लिहिलेलं. व्हायवाला (तोंडी परीक्षेत) 'कसल्या एंट्री?' विचारलं की शांतता. त्याच दिवसाची नोंद अशी होऊ शकली असती: 'खरेदी रजिस्टर जीएसटीआर-२बीशी जुळवलं. तीन पुरवठादारांची बिलं २बीमध्ये दिसली नाहीत, त्यांनी जीएसटीआर-१ भरलेला नव्हता. क्लायंटचं इनपुट क्रेडिट अडकू नये म्हणून तिघांना फोन केले.' (जीएसटीआर-१ म्हणजे पुरवठादाराने भरायचं विक्रीचं विवरण, त्यावरून खरेदीदारासाठी तयार होते ती २बी, आणि इनपुट क्रेडिट म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट.) चारच ओळी, पण वाचणाऱ्याला कळतं की मुलीला कामाचं कारणही समजलंय. नोंद त्याच संध्याकाळी लिहा आणि मेंटॉरची सही दर आठवड्याला घ्या. शेवटच्या दिवशी एकाच पेनाने केलेल्या सगळ्या सह्या तपासणाऱ्याच्या लगेच लक्षात येतात. क्लायंटचं नाव, पॅन किंवा आकडे मात्र रिपोर्टमध्ये छापू नका.

काचेच्या इमारतीतलं काम भारी आणि गाळ्यावरचं हलकं, हा समज मला अजिबात पटत नाही. एपीएमसीच्या कांदा-बटाटा मार्केटात शेतकऱ्याची हिशोबपट्टी कशी निघते, हमाली-तोलाई कुठे धरतात, व्यापाऱ्याकडची उधारी किती दिवस चालते, हे शिकलेला विद्यार्थी खेळतं भांडवल नीट समजावून सांगतो. महिनाभर स्क्रिप्ट वाचून टेलिकॉलिंग केलेल्याला ते जमत नाही. गाळ्यावर एचआर नसतो, एवढीच अडचण. म्हणून शिक्का आणि सही मालकाची लागेल हे आधीच ठरवून घ्या आणि असं ठिकाण चालतं का, हे कॉलेजला विचारा. वडिलांच्या किंवा काकांच्या दुकानात करायचं असेल तर हे विचारणं आणखी गरजेचं. आपल्याच पोराला मार्क देणारी सही कॉलेजने का मानावी?

'नोंदणी फी भरा, घरबसल्या सर्टिफिकेट मिळवा' अशा जाहिरातींना पैसे देऊ नका. सीएची आर्टिकलशिप (सीए होण्यासाठीचं सक्तीचं प्रशिक्षण) चालू असेल तर ती ओजेटी म्हणून धरली जाईल असं गृहीत धरू नका, लेखी विचारा. २०२४ मध्ये आलेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत आणि राज्याच्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत सुरुवातीपासून पूर्णवेळ शिकणाऱ्यांना जागा नव्हती. तिथे अर्ज करण्याआधी पात्रतेचे नियम नीट वाचा.

एक गोष्ट पालकांनीही ऐकावी. क्रेडिट बुडेल या भीतीने मुली नको त्या ठिकाणी गप्प बसतात. २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यात प्रशिक्षणार्थीही येतात, पगार मिळत असो वा नसो. दहापेक्षा कमी माणसांच्या ऑफिसातली तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. त्याच दिवशी मार्गदर्शक शिक्षकांना सांगा आणि जागा बदलून मागा.

आधीच गडबड झाली असेल तर

मेंटॉर नोकरी सोडून गेले असतील तर त्यांच्या जागी आलेल्या माणसाकडून किंवा मालकाकडून पत्र घ्या आणि सोबत हजेरीच्या नोंदी व ईमेल जोडा. मध्येच काम सोडल्यामुळे सर्टिफिकेट देत नसतील तर भांडू नका. भरलेल्या तासांचं साधं पत्र मागा आणि उरलेले तास दुसरीकडे भरायची परवानगी प्राचार्यांकडे अर्ज करून घ्या.

कॉलेजने मार्क भरलेत, पण ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या (जिथे विद्यार्थ्याचे क्रेडिट ऑनलाइन जमा होतात) खात्यात काही दिसत नाही? मग डिजिलॉकर उघडून १२ अंकी अपार आयडी (विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक) कॉलेजकडच्या नोंदीशी ताडून पाहा. मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, किंवा एखादं स्पेलिंग वेगळं, एवढ्यानेही नोंद अडकू शकते. जिथे चूक असेल तिथली दुरुस्ती करून घ्या आणि त्याची पोच घेऊन कॉलेजच्या परीक्षा विभागात जा. निकाल लागायच्या आधी गेलात तर काम लवकर होतं.