श्वास कधी, मैत्री कधी, आणि आसनावरून उठायचं कधी

आमच्या विहारात आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन चालतं. वाचन झालं की जरा वेळ ध्यानाला बसतो. नव्यानं येणारी पोरं हमखास विचारतात, "काका, ध्यान आधी की करुणा आधी?" माझा जन्म एसटीत वाहकी करण्यात गेला, परभणीकडं. मी म्हणतो, कुठं जायचंय ते आधी सांगा, मग तिकीट फाडतो. मन भटकतंय? मन तापलंय? की समोर कुणी अडचणीत आहे? तिन्हींचे उपाय निराळे. ही काही माझी अक्कल नाही. मेघिय सुत्तात, म्हणजे मेघिय नावाच्या भिक्खूला केलेल्या उपदेशात, भगवान बुद्धांनीच वाटणी करून दिलीय: द्वेष जाण्यासाठी मैत्री, म्हणजे सगळ्यांचं भलं व्हावं ही भावना, आणि विचारांची भिरभिर थांबण्यासाठी आनापान, म्हणजे येता-जाता श्वास बघणं.

मन भटकत असेल तर श्वास धरा. पहाटेच बसा, कारण मे महिन्यात पत्र्याखाली नऊ वाजता बसणं ही शिक्षाच. नळाला पाणी यायचा दिवस असेल तर आधी पाणी भरून घ्या, एक कान नळाकडं ठेवून ध्यान होत नसतं. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर बसा, मांडी घातलीच पाहिजे असं काही नाही. श्वास मुद्दाम लांब-आखूड करायचा नाही, नाकपुडीशी येतो-जातो तेवढं बघायचं. अगदीच टिकत नसेल तर मोजा. पाचाच्या आत थांबू नका, दहाच्या पुढं जाऊ नका, असं बुद्धघोष या जुन्या आचार्यानं विसुद्धिमग्ग या ध्यानावरच्या पाली ग्रंथात लिहून ठेवलंय. मन पळालं की परत आणायचं आणि स्वतःवर चिडायचं नाही. सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटं पुष्कळ झाली.

राग असेल तेव्हा मात्र नुसत्या श्वासावर भागत नाही. श्वास बघता बघता माणूस आतल्या आत भांडणच उगाळत बसतो. तिथं मैत्री. सुरुवात स्वतःपासून: मी सुखी असो, निर्वैर असो. मग ज्यांच्याबद्दल आदर आहे असा माणूस, मग जिवाभावाचा कुणी, मग ओळख ना पाळख असा एखादा, आणि सगळ्यात शेवटी वैरी. लोक उत्साहात थेट वैऱ्यापासून सुरू करतात, बांधाच्या भांडणातला चुलतभाऊ डोळ्यांपुढं आणतात आणि आसनावरच दात-ओठ खातात. तो राहू द्या शेवटी. या यादीत मयत माणूसही घेऊ नये असं सांगितलंय, म्हणजे गेलेल्या आईवर हा सराव करू नका, रडू येईल आणि मैत्री बाजूला राहील.

ओळख नसलेल्या माणसाची पायरी लोक उडवतात. मला विचाराल तर खरी कसोटी तीच. गाडीत असे चेहरे रोज भेटायचे: झिरो फाट्याला उतरणारी भाजीवाली, सुट्ट्यासाठी हुज्जत घालणारा, आणि ऐंशीचा दिसणारा पण आधारवर वय बहात्तर पडलेला म्हातारा. पंच्याहत्तरीची मोफत सवलत त्याला देता येत नाही, नियम तो नियम. तिकीट घ्यावंच लागतं. पण ते कोणत्या आवाजात मागायचं हे आपल्या हातात असतं. पहाटे मैत्री केली की नाही, ते सकाळच्या फेरीला आवाजातच कळतं. तुम्ही दुकानात असा, तलाठी असा, मास्तर असा, दिवसात असा एक चेहरा निवडा आणि त्याच्यावर सराव करा.

आता तिसरं, आणि इथंच जास्त गफलत होते. समोर दुःख असेल तर उठायचं. विनयपिटकातल्या, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथातल्या, महावग्गात गोष्ट आहे. एक भिक्खू हगवणीनं स्वतःच्याच घाणीत पडला होता, कुणी बघत नव्हतं. भगवंतांनी सोबतच्या आनंद या शिष्याला पाणी आणायला लावलं. स्वतः पाणी ओतलं, आनंदानं अंग धुतलं, मग एकानं डोक्याकडून, एकानं पायाकडून उचलून त्याला खाटेवर निजवलं. आणि भिक्खूंना सांगितलं, ज्याला माझी सेवा करायचीय त्यानं आजाऱ्याची सेवा करावी. तिथं कुणी डोळे मिटून करुणा भावना करत बसलं नाही.

आपल्याकडं कर्जापायी शेतकरी जातो, तेव्हा त्या घरी जाऊन "सगळं अनित्य आहे" असं प्रवचन झोडू नका. पाणी भरा, लेकरांना जेवू घाला. चार दिवसांनी सातबारा, मृत्यूचा दाखला घेऊन त्या बाईसोबत तहसीलला जा, रांगेत उभं राहा. त्या घरात तुमचाच धीर सुटत असेल, तर तेही ओळखा. करुणेचा उघड वैरी क्रूरता, पण जवळचा वैरी म्हणजे स्वतःच खचून जाणं, असं विसुद्धिमग्गच सांगतो. दोघं रडायला लागल्यावर तहसीलला जायचं कुणी? अशा वेळी बाहेर ओसरीवर या, दहा श्वास बघा, परत आत जा. ध्यानाचा खरा उपयोग मला तरी इथं दिसतो.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर संभाजीनगरला विद्यापीठामागच्या डोंगरातली औरंगाबाद लेणी बघा, सातवं लेणं. आग, साप, हत्ती, बुडती नाव अशा आठ संकटांत सापडलेली माणसं आणि मधोमध अवलोकितेश्वर, म्हणजे करुणेचा बोधिसत्त्व. आत गाभाऱ्यात बुद्ध बसलेला. बाबासाहेबांच्या वाटेनं आलेले आम्ही कुणाला संकटात हाक मारत नाही, पण आतलं बसणं आणि बाहेरचं धावून जाणं एकाच लेण्यात कोरलंय, हे पटतं.

दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराबद्दल थोडक्यात. गोयंका गुरुजींनी 1969 मध्ये भारतात शिकवायला सुरुवात केली ती पद्धत. आधी आनापान, चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे अंगावरच्या संवेदना तटस्थपणे बघणं, मैत्री शेवटाकडं. शुल्क नाही, पण मौन कडक. मानसिक आजाराचा उपचार चालू असेल तर फॉर्ममध्ये खरं लिहा, आधी डॉक्टरांना विचारा, आणि ध्यान जमायला लागलं म्हणून चालू गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका.