गाडी 'पी'मध्ये सुरू होत नाही? गिअर पोझिशन स्विच असा तपासा

चावी फिरवली की स्टार्टर गप्प, रिव्हर्सचा दिवा लागत नाही, मीटरवर भलताच गिअर दिसतो. ऑटोमॅटिक गाडीत अशी लक्षणं दिसली की स्विच बदलून टाकण्याची घाई होते. हा स्विच गिअरबॉक्सच्या दांड्यावर बसतो आणि लिव्हर 'पी' (पार्क) किंवा 'एन'वर (न्यूट्रल) असेल तरच स्टार्टरला परवानगी देतो. (ए.एम.टी., म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्स आपोआप बदलणाऱ्या गाड्यांत बहुधा 'पी' नसतोच, त्यांची तऱ्हा वेगळी.)

आधी बॅटरी. खान्देशातला उन्हाळा बॅटरीला लवकर म्हातारं करतो, त्यामुळे पहिला संशय तिच्यावरच घ्यावा. गाडी बंद असताना मल्टीमीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा हवा.

मग 'एन'मध्ये चावी मारा. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, पाय ब्रेकवर. 'पी'त मुकी आणि 'एन'मध्ये सुरू होत असेल, किंवा चावी धरून लिव्हर किंचित हलवल्यावर स्टार्टर बोलला, तर स्विच सरकलाय, झिजलाय किंवा लिव्हरची केबल ढिली झालीय. लिव्हर 'पी'तून बाहेरच निघत नसेल तर मागचे ब्रेकलाइट पाहा. तेही लागत नसतील तर दोष बहुधा ब्रेक पेडलच्या स्विचचा.

रिव्हर्सचे दिवे. इंजिन बंद, चावी ऑन, लिव्हर 'आर'वर (रिव्हर्स). एकच दिवा गेला असेल तर बल्ब बघा. दोन्ही गेले असतील तर फ्यूज बघून मगच स्विचकडे वळा.

गाडीचे दोष वाचणाऱ्या स्कॅनरवर पी०७०५ किंवा पी०७०६ हा कोड आला तरी स्विचच गेला असं ठरवू नका. कोड त्या सर्किटकडे बोट दाखवतो, आणि सर्किटमध्ये वायर आणि कनेक्टरही येतात. शेताच्या कडेला, गोठ्याजवळ गाडी लावणाऱ्यांनी उंदरांनी कुरतडलेल्या तारा आवर्जून शोधाव्यात. बॅटरीची निगेटिव्ह काढून कनेक्टर उघडा. आत पाणी, तेल किंवा हिरवट गंज दिसला तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वाळवा. निम्म्या तक्रारी इथेच मिटाव्यात असं मला वाटतं.

साध्या स्विचवर मल्टीमीटर बीपवर (जोडणी असली की आवाज देणाऱ्या सेटिंगवर) ठेवून स्टार्टरच्या दोन पिना तपासा. 'पी' आणि 'एन'मध्ये बीप यावा, 'आर' आणि 'डी'त (ड्राइव्ह) येऊ नये. पिना कोणत्या, हे त्या मॉडेलच्या वायरिंग नकाशावरूनच बघा, अंदाजाने नाही. बऱ्याच नव्या गाड्यांत स्विच सांकेतिक सिग्नल देतो किंवा गिअरबॉक्सच्या आतच असतो. तिथे बीपची चाचणी चालत नाही, मिस्तरीकडे जावं.

स्विच नुसता सरकला असेल तर लिव्हर 'एन'वर ठेवून बोल्ट ढिले करा, खूण जुळवा आणि पुन्हा आवळा.

शेवटी ब्रेक घट्ट दाबून, पुढे-मागे कोणी नाही हे बघून 'आर' आणि 'डी'त चावी मारा. स्टार्टर अजिबात फिरता कामा नये. "दोन तारा डायरेक्ट जोडून देतो" म्हणणाऱ्याला नाही म्हणा. तशी गाडी 'डी'तही सुरू होते आणि सुरू होताच पुढे उडी मारते.