स्वालबार्डला जाताय? या चुका टाळा

आर्क्टिकला जायचं मनात घेतलेली बेळगाव, खानापूर, निपाणीकडची ओळखीची माणसं कागदपत्रं दाखवायला माझ्याकडे येतात. येतात मोठ्या आनंदानं, पण बहुतेक जण तिकीट काढून झाल्यावर येतात आणि तोवर निम्म्या चुका होऊन गेलेल्या असतात. कुणी शिक्षक म्हणून निवृत्त झालेलं असतं, कुणी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथ चालवून मुलांना शिकवलेलं असतं. एवढ्या वर्षांची पुंजी असल्या चुकांपायी वाया गेलेली मला बघवत नाही, म्हणून हे लिहितोय.

बोलतोय ते स्वालबार्डबद्दल. नॉर्वेच्या मुख्य भूमीच्या खूप वर, 78 अंश उत्तर अक्षांशावरचा हा द्वीपसमूह. लाँगयिअरबेन हे तिथलं मुख्य गाव. ऑस्लोहून विमानानं साधारण 3 तास. नॉर्वेच्या मुख्य भूमीवरच, उत्तरेकडे असलेल्या ट्रोम्सो शहराला जाणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडतं.

आधी सूर्य बघा, मग सुट्टी

सगळ्यात जास्त वेळा दिसणारी चूक हीच. आपल्याकडे शाळा एप्रिलमध्ये सुटतात आणि मेअखेर भरतात, म्हणून प्रवास मे महिन्यात. आणि बघायचं काय, तर नॉर्दर्न लाइट्स, म्हणजे ऑरोरा, ध्रुवाकडच्या रात्रीच्या आकाशात दिसणारे रंगीत प्रकाशाचे पट्टे. या दोन गोष्टी एकत्र होऊच शकत नाहीत. लाँगयिअरबेनला 20 एप्रिलच्या सुमारास सूर्य मावळायचा थांबतो, तो 23 ऑगस्टच्या सुमारापर्यंत मावळत नाही. आकाशात ऑरोरा असला तरी तो दिसायला अंधार लागतो, आणि मे महिन्यात तिथे अंधार पडतच नाही.

ऑरोरा सूर्याकडून येणाऱ्या कणांमुळे दिसतो, आणि मे 2024 मध्ये मोठं सौर वादळ झालं. लडाखमध्ये हानलेच्या आकाशात लाल रंग टिपला गेला, ते फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरले. त्यानंतर 'मे महिन्यात दिसतं' ही समजूत इतकी पक्की झाली की ती काढताना माझा घसा बसतो. हानले 33 अंशांच्या आत आहे. तिथे मे महिन्यातही रात्र होते, म्हणून तो रंग दिसला.

निपाणीचं एक कुटुंब याच समजुतीत अडकलं. आजी, मुलगा, सून, दोन नाती. एका टूरवाल्यानं त्यांना मेच्या दुसऱ्या आठवड्यातलं 'नॉर्दर्न लाइट्स स्पेशल' विकलं. पूर्ण पैसे भरून झाल्यावर मुलगा माझ्याकडे आला, तोही फक्त कपड्यांचं विचारायला. तारखा बघून मी त्याला तिथल्या सूर्योदय-सूर्यास्ताचा तक्ता दाखवला. त्या आठवड्याच्या रकान्यांत वेळाच नव्हत्या. त्यानं तिथूनच टूरवाल्याला फोन लावला. उत्तर आलं, "साहेब, ते हवामानावर अवलंबून असतं." हे धडधडीत खोटं होतं. ढग येतात-जातात, ते हवामान. सूर्य मावळणार नाही हे शंभर वर्षं आधीही सांगता येतं. पैसे परत मागितले तर करारात बारीक अक्षरात लिहिलेलं निघालं की दिसण्याची हमी नाही. शेवटी ते गेले. नाती बर्फात मनसोक्त खेळल्या, तेवढं चांगलं झालं. पण आजीला आकाशातले दिवे बघायचे होते. पहाटे 2 वाजता खिडकीत लख्ख ऊन बघून त्यांना झोप लागेना, आणि ज्यासाठी आल्या ते न बघताच परतल्या.

म्हणून माझ्याकडे कुणी आलं की बजेट विचारायच्या आधी मी एकच विचारतो: काय बघायचंय? एकच गोष्ट सांगा. दोन सांगितल्या तर त्यातली एक खोडायला लावतो.

ऑरोरा हवा असेल तर दसरा किंवा दिवाळी धरा, आणि स्वालबार्डपेक्षा ट्रोम्सो बरं. ते ऑरोराच्या पट्ट्याच्या बरोबर खाली येतं. सीमाभागातल्या घरांत एक अडचण हमखास येते. आपल्या मुलांना मोठी सुट्टी दसऱ्याला, कोल्हापूरच्या मावसभावंडांना दिवाळीत. एकत्र जायचं असेल तर ते आधी घरात बसून ठरवा. ट्रोम्सोला दोन्ही काळ चालतात. स्वालबार्डवरच ऑरोरा बघायचा हट्ट असेल तर नोव्हेंबर ते जानेवारी. तेव्हा तिथे भर दुपारीही काळोख असतो आणि दुपारचा ऑरोराही दिसू शकतो. पण त्या काळोखात डोंगर, हिमनद्या काहीच दिसत नाही. वयस्क माणसांना मी तेव्हा जाऊ नका असंच सांगतो.

बर्फ, निळसर उजेड, कुत्र्यांच्या घसरगाड्या, स्नो स्कूटर यासाठी फेब्रुवारीअखेर ते एप्रिल. सूर्य फेब्रुवारीच्या मध्यात क्षितिजावर येतो, पण डोंगरांमुळे गावात ऊन पोचायला 8 मार्च उजाडतो. त्या आठवड्यात गावात सूर्याच्या स्वागताचा उत्सव असतो. बोटीनं हिंडायचं, वॉलरस आणि पक्षी बघायचे तर जुलै-ऑगस्ट.

व्हिसावरचा तो छोटा रकाना

दुसरी चूक कागदावरची, आणि ती जास्त महाग पडते. स्वालबार्ड नॉर्वेचं आहे, पण शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. 9 फेब्रुवारी 1920 ला पॅरिसमध्ये झालेल्या करारानं तिथे नॉर्वेची सत्ता मान्य झाली. त्या करारात ब्रिटिशांनी भारताच्या वतीनंही सही केली होती. स्वालबार्डसाठी वेगळा व्हिसा लागत नाही. हे अर्धवट वाचून लोक निर्धास्त होतात. पण विमान जातं ऑस्लो किंवा ट्रोम्सोहून. म्हणजे तुम्ही शेंगेनमध्ये शिरता, स्वालबार्डला जाताना बाहेर पडता आणि येताना पुन्हा शिरता. दोन प्रवेश झाले.

चिकोडीचं एक निवृत्त जोडपं. एजंटनं अर्ज भरला, व्हिसा आला, पेढे वाटले गेले. 'एंट्रीज'च्या रकान्यात 01 लिहिलंय हे कुणी पाहिलंच नाही. ऑस्लोच्या विमानतळावर लाँगयिअरबेनच्या विमानाआधी पासपोर्ट तपासणी असते. तिथल्या अधिकाऱ्यानं शांतपणे सांगितलं, "तुम्ही जाऊ शकता, पण परत आत येऊ शकणार नाही." आणि परतीची वाट तर तीच! काकांनी तिथूनच मला फोन केला. त्यांचा आवाज मला अजून आठवतो. हॉटेल, बोट, विमान, सगळं आगाऊ भरलेलं होतं आणि सगळं बुडालं. उरलेले दिवस दोघांनी ऑस्लोत काढले. एजंट म्हणाला, अर्जात तुम्ही सांगितलं नव्हतंत. सत्तरीच्या माणसानं हे सांगायचं असेल तर एजंट पैसे कशाचे घेतो?

माझी सवय अशी: अर्जात 'मल्टिपल' वर खूण, शिवाय कव्हरिंग लेटरच्या पहिल्याच परिच्छेदात 'स्वालबार्डला जाऊन परत येणार, किमान दोन प्रवेश हवेत' हे स्पष्ट वाक्य, आणि सोबत लाँगयिअरबेनचं बुकिंग. व्हिसा हातात आला की आधी तो रकाना बघायचा. तिथे 02 किंवा मल्ट हवं. 01 असेल तर निघायच्या आधी दुरुस्तीसाठी धावपळ करा, ऑस्लोत पोचल्यावर काही होत नाही.

अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून करता येतो. तरी लोक शेवटच्या महिन्यात राणी चन्नम्मा एक्स्प्रेसचं तत्काळ तिकीट काढून बोटांचे ठसे द्यायला बंगळूरला पळतात. ही घाई मला समजत नाही. स्वप्न दहा वर्षांचं असतं आणि कागदांना दहा दिवसही देत नाहीत.

कागदांचंच आणखी एक. अर्जाच्या आठवडाभर आधी पाहुण्यांकडून उसने आणून खात्यात मोठी रक्कम भरू नका. असला सल्ला देणाऱ्यापासून लांब राहा. स्टेटमेंट वाचणाऱ्याला ते पहिल्या नजरेत कळतं. उसाचं बिल एकरकमी जमा झालेलं असेल तर ती रक्कम खरी आहे, पण कारखान्याची पावती जोडा, नाहीतर तीही उसनी वाटते. पहाणी उतारा (आपल्याकडचा सातबारा) कन्नडमध्ये असतो, त्याचं इंग्रजी भाषांतर लावा.

बाकीचं

लाँगयिअरबेनहून ऑस्लो आणि त्याच रात्री मुंबई, अशी वेगवेगळी तिकिटं काढू नका. वारा किंवा धुकं आलं की तिथलं विमान रद्द होतं, आणि वेगळ्या तिकिटाची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही. मी मध्ये एक पूर्ण दिवस मोकळा ठेवतो. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून मुंबईला जातानाही तसंच, एक रात्र हाताशी धरा.

हिवाळ्यात तिबेटी विक्रेत्यांकडून घेतलेला जाड स्वेटर बेळगावच्या थंडीला छान आहे. मार्चच्या लाँगयिअरबेनमध्ये उणे 20 होणं नवलाचं नाही. अंगालगत सुती बनियन तर अजिबात नको. सुती कापड घाम धरून ठेवतं, आणि थांबलात की तोच घाम गार पडतो. आत लोकरीचं, मध्ये फ्लीस, वरून वारा अडवणारं. बूट एक नंबर मोठे, बोटं हलली पाहिजेत. दोन जोड मोजे कोंबून घट्ट केलेल्या बुटात पाय जास्त गारठतात. स्नो स्कूटरच्या सहलीत जाड सूट आणि बूट सहसा तेच देतात, तेव्हा महागडं जॅकेट घ्यायच्या आधी विचारा.

विमा काढताना पॉलिसीत स्वालबार्ड येतं का, हे लेखी घ्या. फक्त शेंगेनची पॉलिसी पुरेलच असं नाही. तिथलं रुग्णालय लहान आहे. गंभीर रुग्णाला सुमारे 950 किलोमीटरवरच्या ट्रोम्सोला विमानानं नेतात. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते बॅगेत नको, अंगातल्या आतल्या खिशात ठेवावं. ते गोठलं की निकामी होतं.

'हिमाद्री बघून येऊ' असं बरेच जण म्हणतात, आणि मला त्याचा अभिमानच वाटतो. 2008 मध्ये सुरू झालेलं आपलं हे संशोधन केंद्र स्वालबार्डमधल्याच न्यू-ऑलेसुंड या वस्तीत आहे, आणि त्याचं काम आपल्या शेजारी, गोव्यात वास्कोतल्या ध्रुवीय संशोधन संस्थेकडून चालतं. पण लाँगयिअरबेनहून तिथे रस्ता नाही. स्वालबार्डमध्ये कुठल्याच दोन वस्त्यांना जोडणारा रस्ता नाही. उन्हाळ्यात बोटीनं जाता येतं, तेव्हाही इमारत बाहेरूनच बघायची. संवेदनशील उपकरणांमुळे तिथे मोबाइलचं वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद ठेवावं लागतं, ते प्रामाणिकपणे ठेवा. जगभरच्या बियाणांची तिजोरीही दारापासूनच दिसते. त्या दारामागे हैदराबादच्या इक्रिसॅट या पीक संशोधन संस्थेनं पाठवलेलं ज्वारी-बाजरीचं बियाणं आहे, हे आपल्या शेतकऱ्यांनी आवर्जून लक्षात ठेवावं.

गावाच्या हद्दीबाहेर वाटाड्याशिवाय जाऊ नका. पांढरी अस्वलं खरोखर असतात. 2025 पासून त्यांच्यापासून किमान 300 मीटर, आणि मार्च ते जून 500 मीटर लांब राहायचा नियम आहे. जवळ न्या म्हणून वाटाड्याच्या मागे लागणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

जूनमध्ये जाणाऱ्या काकूंसाठी: संकष्टीला तिथे चंद्र उगवणार नाही. बेळगावचा चंद्रोदय धरून उपास सोडा.

कुंदा नेऊ नका. युरोपबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नॉर्वेत नेता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतात. शेंगाची चटणी घ्या, ती टिकते आणि कशाहीबरोबर जाते. हॉटेलच्या दारात बूट काढायला सांगतील. खाणकामगारांच्या काळापासूनची ती रीत आहे, म्हणून एक जोड स्वच्छ जाड मोजे हातातल्या बॅगेत वरच ठेवा.