थेट विक्रीच्या ओपन मीटिंगसाठी हँडआउट कसे तयार करावे

थेट विक्रीत वितरक दुकानाशिवाय माल विकतात आणि नवे वितरक जोडून आपली टीम बनवतात; त्याची माहिती द्यायला नव्या लोकांना बोलावतात ती ओपन मीटिंग. तिथे आलेला पाहुणा त्याच रात्री घरी कोणाला तरी उत्तर देणार असतो. नवरा, बायको, आई, खोलीतला मित्र, कोणीही असेल. 'काय होतं तिथे? पैसे किती भरायचे? फसवणूक तर नाही ना?' हे प्रश्न येतात तेव्हा तुम्ही तिथे नसता. असतो फक्त तुम्ही दिलेला कागद. म्हणून हँडआउट लिहिताना समोर बसलेला पाहुणा डोळ्यांपुढे ठेवू नका, घरी थांबलेला तो दुसरा माणूस ठेवा. त्याने तुमचं भाषण ऐकलेलं नाही, टाळ्या वाजवलेल्या नाहीत, आणि त्याला घाई अजिबात नाही.

आधी प्रश्न लिहून काढा

कॉम्प्युटर उघडण्याआधी एका कोऱ्या कागदावर त्या घरच्या माणसाचे प्रश्न त्याच्याच भाषेत लिहा. विकायचं काय आहे? ते दुकानात का मिळत नाही? सुरुवातीला किती पैसे लागतात आणि त्यातले परत किती मिळतात? दर महिन्याला काही खरेदी करावीच लागते का? माल खपला नाही तर? सोडायचं असेल तर कसं? कंपनी कोणाची, नोंदणी कुठली, तक्रार कोणाकडे करायची? साधारण दहा-बारा प्रश्न होतात. तुमच्या टीममधल्या सहा महिन्यांपेक्षा कमी जुन्या माणसाला ही यादी दाखवा. जॉइन होण्याआधी आपण काय काय विचारलं होतं ते त्याला अजून आठवत असतं. जुन्या अपलाइनला, म्हणजे आपल्याला जोडून घेतलेल्या वरच्या वितरकाला, आठवत नाही.

ज्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडेच नाही, तिथे खूण करा आणि कंपनीकडून लेखी उत्तर मागवा. अंदाजाने लिहू नका. छापलेला अंदाज लोक वचन म्हणून वाचतात.

कागद तीनच ठेवा

कंपनीची जाडजूड फाइल, उत्पादनांचा कॅटलॉग, यशोगाथा, फॉर्म, भेटकार्ड असं सगळं पिशवीत भरून दिलं की पिशवी तशीच कोपऱ्यात पडते. माझ्या मते तीन कागद पुरतात.

पहिला, खुर्चीवर ठेवायचा अर्धा ए-४: कार्यक्रमाचा क्रम, संपण्याची वेळ आणि टिपणासाठी मोकळ्या ओळी. संपण्याची वेळ जरूर छापा आणि मग ती पाळा. दुसरा, घरी न्यायचा तीन भागांत दुमडलेला फोल्डर, ज्यात वरच्या प्रश्नांची उत्तरं आहेत. तिसरा, कमाई आणि खर्चाचा हिशेबाचा कागद.

जॉइनिंगचा फॉर्म यात मुद्दाम धरलेला नाही. फॉर्म खुर्चीवर ठेवला की पाहुण्याला पहिल्या मिनिटालाच कळतं की आपल्याला इथे कशासाठी बोलावलंय, आणि मग तो हातांची घडी घालून बसतो. फॉर्म टेबलावर ठेवा, मागेल त्याला द्या.

हिशेबाचा कागद

यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. बहुतेक हँडआउट इथेच बिघडतात, कारण इथे गोलांची ती प्रसिद्ध आकृती येते: तुम्ही पाच आणा, ते प्रत्येकी पाच आणतील. पाच, पंचवीस, सव्वाशे, सहाशे पंचवीस. दिसायला छान. पण हीच आकृती चौदाव्या पायरीपर्यंत नेली तर आकडा ६०० कोटींच्या वर जातो, म्हणजे जगातली बहुतेक माणसं त्यात संपली. घरी थांबलेला माणूस हे गणित मोबाइलवर दोन मिनिटांत करतो. आकृती काढूच नका.

त्याऐवजी वस्तूपासून सुरुवात करा. समजा १०० ला विकलेल्या वस्तूवर २० सुटतात. मग खाली ओळी सोडा: नमुन्यांचा खर्च, प्रवास, फोन, पोहोचवण्याचा खर्च, परत आलेला माल. शेवटी आठवड्याचे तास. आकडे तुम्ही भरू नका. पाहुण्याला पेन द्या, त्यालाच भरू द्या. आठवड्यात किती जणांना खरंच विकू शकशील हे त्याला तुमच्यापेक्षा बरं ठाऊक असतं. त्याने स्वतः काढलेला छोटा आकडा घरी टिकतो. तुम्ही दाखवलेला मोठा आकडा घरी पोहोचल्यावर उतरतो.

टीमवरची कमाई विक्रीच्या कमाईच्या खाली, वेगळ्या चौकटीत दाखवा. ती कशावर मिळते हे एका वाक्यात सांगा: टीमने ग्राहकांना विकलेल्या मालावर. निव्वळ माणसं जोडल्याबद्दल पैसे मिळत असतील तर हँडआउट बाजूला ठेवा आणि आधी तो प्लॅन तपासून घ्या. अनेक देशांत पिरॅमिड योजना (माल विकण्याऐवजी नव्या माणसांच्या पैशांवर चालणारी) आणि कायदेशीर थेट विक्री यांतला फरक याच मुद्द्यावर ठरतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७९ मध्ये अ‍ॅमवेच्या खटल्यात निकाल दिला, तेव्हाही न विकला जाणारा माल वितरकांच्या गळ्यात मारला जाऊ नये यासाठीचे नियम, म्हणजे घेतलेला माल परत घेणं आणि आधीचा माल बऱ्यापैकी विकल्याशिवाय नवा न मागवणं, जमेच्या बाजूला धरले गेले होते. तुमच्या कंपनीत माल परत घेण्याची अट काय आहे, ती याच कागदावर छापा: किती दिवसांत, किती टक्के कापून, कोणत्या स्थितीतला माल.

'सरासरी कमाई' हा शब्द फार जपून वापरा. दहा जणांपैकी नऊ जणांनी वर्षात १,००० कमावले आणि एकाने ९१,०००, तर सरासरी १०,००० येते. त्या दहांत एकालाही दहा हजार मिळालेले नाहीत. कंपनी कमाईचा खुलासा प्रसिद्ध करत असेल तर त्यातला मधल्या माणसाचा (सगळ्यांना कमाईच्या क्रमाने लावलं तर मधोमध येणाऱ्याचा) आकडा घ्या, किती लोकांना काहीच मिळालं नाही तेही घ्या, आणि हे आकडे खर्च वजा करण्याआधीचे आहेत की नंतरचे ते शेजारीच लिहा. तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात नको.

टीममध्ये कोणीतरी म्हणेलच, 'एवढं सगळं लिहिलं तर कोण जॉइन होईल?' काही जण होणार नाहीत, हे खरं आहे. पण दोन महिन्यांत किट परत करून नातेवाइकांत तुमचं नाव घेत फिरणारे तेच असते.

भाषा

'आर्थिक स्वातंत्र्य', 'स्वप्नपूर्ती', 'स्वतःचा बॉस' हे शब्द खोडा. ते खोटे असतात असं नाही, पण प्रत्येक कंपनीच्या कागदावर असतात, त्यामुळे त्यांतून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. 'पॉइंट व्हॅल्यू' (मालावर मिळणारे गुण), 'लेग' (टीमची एक शाखा), 'अ‍ॅक्टिव्ह' हे आपल्या रोजच्या तोंडातले शब्द बाहेरच्याला परके असतात. पहिल्यांदा येतील तिथेच साध्या मराठीत फोड करा. 'अ‍ॅक्टिव्ह राहण्यासाठी' याऐवजी 'कमिशन मिळावं म्हणून दर महिन्याला इतक्या मालाची उलाढाल लागते' असं लिहा.

उत्पादन आरोग्याशी संबंधित असेल तर आजार बरा होतो, साखर उतरते, गुडघे मोकळे होतात असं काहीही छापू नका. वापरणाऱ्याने स्वतः सांगितलं असलं, तरी तुमच्या कागदावर आलं की तो तुमचा दावा ठरतो.

मजकूर पक्का झाला की छापण्याआधी कंपनीकडून मंजुरी घ्या. बऱ्याच कंपन्या वितरकाने स्वतः बनवलेल्या साहित्याला आणि लोगोच्या वापराला लेखी परवानगी मागतात. त्यात दिवस जातात, म्हणून कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात ही धावपळ नको.

छपाई

ए-४ म्हणजे २१० × २९७ मिलिमीटर. तीन भागांत दुमडलेला फोल्डर करताना तिन्ही भाग ९९ मिलिमीटरचे केले तर आत दुमडणारा भाग फुगतो. दोन भाग १०० चे आणि आतला ९७ चा ठेवा.

फोल्डरला १३० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) आर्ट पेपर, म्हणजे गुळगुळीत लेपाचा कागद, चालतो. हिशेबाच्या कागदाला मात्र चकचकीत कागद घेऊ नका, त्यावर बॉलपेन सरकतं आणि शाई पसरते. साधा ८० ते १०० जीएसएमचा कागद घ्या. काठापर्यंत रंग असेल तर चारही बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना निघून जाणारा जादा रंगाचा काठ, सोडा. फोटो ३०० डीपीआयचे (इंचाला ३०० ठिपके) हवेत, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून आलेला लोगो कधीही वापरू नका, तो छपाईत धुरकट येतो. कंपनीकडून मूळ फाइल मागा.

देवनागरीसाठी मजकूर ११-१२ पॉइंटचा आणि ओळींत जरा जास्त अंतर ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांना टेकतात. टायपिंग युनिकोडमध्ये करा आणि छापखान्यात फॉन्ट एम्बेड केलेली, म्हणजे फाइलमध्येच सामावलेली, पीडीएफच द्या. एकदा मी घाईत वर्डची फाइल पाठवली आणि तिकडच्या कॉम्प्युटरवर सगळी जोडाक्षरं सुटली. 'प्रश्न'चा 'प्रश‌्‍न' होऊन पाचशे प्रती आल्या.

क्यूआर कोड टाकणार असाल तर किमान दोन सेंटीमीटरचा, भोवती पांढरी जागा सोडून. फुकट सेवांवर बनवलेले काही कोड ठरावीक मुदतीनंतर बंद पडतात, म्हणून वेबसाइटचा थेट पत्ता असलेला साधा कोड बनवा. खाली फोन नंबर आणि पत्ता अक्षरांत लिहा. सगळेच स्कॅन करत नाहीत.

पूर्ण छपाईआधी एक प्रूफ, म्हणजे तपासणीची प्रत, कागदावर काढा. घडी घालून बघा, कोड दोन वेगवेगळ्या फोनवर चालवा, आणि छापलेला नंबर प्रत्यक्ष लावून बघा. मग ते प्रूफ या धंद्याशी काहीही संबंध नसलेल्या माणसाला वाचायला द्या आणि गप्प बसा. तो जिथे अडखळेल तिथे पेन्सिलने खूण करा. समजावून सांगू नका, वाक्य बदला.

वाटायचे केव्हा

खुर्चीवरचा कागद आधी, हिशेबाचा कागद प्लॅन सांगताना, फोल्डर निघताना दारात. फोल्डर आधीच वाटला तर लोक तोच वाचत बसतात आणि तुमचं बोलणं भिंतीला ऐकू येतं.

प्रती आमंत्रणांवरून नाही, मागच्या मीटिंगला खरोखर आलेल्या संख्येवरून ठरवा आणि त्यावर थोड्या जास्त ठेवा. जोडीने आलेल्यांना दोन द्या. नंतर फोन करायचा असेल तर नंबर घेताना चिठ्ठीवरच 'मला फोन केला तर चालेल' आणि 'नको, मीच करेन' अशा दोन चौकटी ठेवा आणि दुसऱ्या चौकटीवर खूण असलेल्याला खरंच फोन करू नका.

उरलेल्या प्रतींवर जुन्या दराचे किंवा जुन्या अटींचे आकडे असतील तर त्या पुढच्या मीटिंगला नेऊ नका. एक प्रत मात्र स्वतःजवळ ठेवा. फॉलो-अपच्या फोनवर लोक जे विचारतील, ते तिच्या मार्जिनमध्ये लिहीत चला. पुढचा फोल्डर त्याच प्रतीवरून करायचा आहे.