अरुंद की-वेसाठी घरी पिक बनवताना मी काय काय वाया घालवलं

मी आयटीआय फिटर. पाच-सहा वर्षं भोसरीत एका टूलरूममध्ये काढली, त्यामुळे कानस, व्हर्नियर, ग्राइंडर हे हातातलंच. किल्लीशिवाय कुलूप उघडायचा नाद मात्र लॉकडाऊनमध्ये लागला, आता हसू येतं. हल्ली नवीन पोरं विचारतात की दादा पिकचा (कुलपातल्या पिना उचलायची बारीक पट्टी) कुठला सेट घेऊ, आणि विकतचा सेट घेतला की दोन आठवड्यांनी परत येतात, की साध्या कुलपात चालतोय पण अमुक सिलिंडरच्या (दाराच्या कुलपाचा किल्ली जाते तो भाग) की-वेत, म्हणजे किल्लीच्या फटीत, आतच जात नाही. तर हे त्यांच्यासाठी.

आधी दोन नियम. कुलूप स्वतःचं हवं, आणि वापरातलं नको, म्हणजे घराच्या दाराला लावलेलं स्वतःचंसुद्धा नाही. एखादी पिन अडकली किंवा पिक आत तुटला तर रात्री अकरा वाजता घरच्यांना काय सांगणार. आणि टूल बॅगेत टाकून रात्री फिरू नका, महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 122 मध्ये सूर्यास्तानंतर घरफोडीचं हत्यार योग्य कारणाशिवाय जवळ सापडणं हाच गुन्हा आहे, तिथे "छंद आहे साहेब" हे कितपत चालेल ते मला बघायचं नाहीये. माझं सगळं सामान टेबलाच्या खणात असतं.

सरावाला कुलपं कुठून आणायची? पुण्यात असाल तर जुना बाजार, रविवारी आणि बुधवारी. किंवा ओळखीच्या सुताराला सांगून ठेवा, फ्लॅटचं दार बदललं की जुनं सिलिंडर भंगारातच जातं. पण आपल्याकडची बरीचशी पॅडलॉक लिव्हरची (आत पिनांऐवजी चपट्या पट्ट्या) असतात, त्यात हे पिक कामाचे नाहीत, तो वेगळा अभ्यास. आपल्याला हवं पिन टंबलर, म्हणजे ज्यात किल्ली आतल्या पिना ठरावीक उंचीला उचलते आणि मग फिरते, लायनस येल ज्युनियरने 1860 च्या दशकात पेटंट घेतलेलं, चपट्या किल्लीचं.

आता मुद्दा. मला वाटायचं अरुंद की-वे म्हणजे पातळ पत्रा घ्यायचा, झालं. पहिला पिक केला हॅक्सॉ ब्लेडचा, ती साधारण 0.6 मिमी जाड असते, दात ग्राइंडरवर काढून टाकले आणि छान हुक काढला. समोर एक युरो सिलिंडर (फ्लॅटच्या दारात बसतं तो एक प्रकार) होतं, त्याच्या की-वेच्या दोन्ही बाजूच्या कडा मध्यरेषेच्या पलीकडे गेलेल्या, म्हणजे समोरून बघितलं तर सरळ फट दिसतच नाही, नागमोडी दिसते. पिक दुसऱ्या पिनपर्यंत गेला आणि अडकला. मी जोर लावला. ब्लेड पूर्ण कडक एचएसएसची (हाय स्पीड स्टील) होती, ती वाकत नाही, तडकन तुटते, तशी तुटली आणि टोक आत राहिलं. मग फ्रेट सॉची पातळ ब्लेड आत सरकवून, दात बाहेरच्या दिशेला ठेवून, अर्धा तास ते टोक ओढत बसलो.

तेव्हा जे आधी करायला हवं होतं ते केलं, मोजमाप. फिलर गेज (वेगवेगळ्या जाडीच्या पातळ पोलादी पानांचा जुडगा) घ्या, कुठल्याही हार्डवेअरवाल्याकडे मिळतो, आणि एकेक पान की-वेत सरळ घालून बघा. माझ्या सिलिंडरमध्ये 0.50 मिमीचं पान घासत होतं, 0.40 चं आरामात जात होतं. पिक त्यातूनच करायचा, कारण ते पान स्प्रिंग स्टीलचंच असतं. पण जाडीएवढीच महत्त्वाची आहे उंची आणि तिथेच बहुतेकजण चुकतात. पिकचं टोक पाचव्या पिनखाली असतं तेव्हा त्याचा दांडा पुढच्या चार पिनांखालून जात असतो, दांडा उंच असेल तर तो पुढच्या पिना उगाच उचलतो आणि तुम्ही म्हणता की हाताला काही कळतच नाही. पुढची पिन कमी उचलायची आणि मागची जास्त असेल तर विचारूच नका. मी दांडा जवळपास 1.6 मिमीवर आणला तेव्हा कुठे तो नागमोडी कडांच्या खालून फिरायला लागला. 0.40 जाडी आणि 1.6 उंची म्हणजे लवचिक होणारच, फीडबॅक थोडा कमी मिळतो, त्याला इलाज नाही. म्हणून फक्त आत जाणारा भाग बारीक करा, मागे मूठ पानाच्या पूर्ण रुंदीचीच ठेवा आणि त्यावर हीट श्रिंक ट्यूब चढवा.

घासताना काय करायचं तर आकार कागदावर काढून फेविस्टिकने पानावर चिकटवा, दोन लोखंडी पट्ट्यांमध्ये दाबून वाईसमध्ये धरा, नाहीतर पातळ पान थरथरतं आणि कानस उड्या मारते. ग्राइंडर लावलात तर हातमोजा न घालता बोटाने धरा (चष्मा मात्र घालाच), चटका लागला की पाण्यात बुडवा. टोकाला निळा रंग दिसला की पाणी उतरलं, म्हणजे पोलादाचा कडकपणा गेला समजा, तो पिक नंतर तारेसारखा वाकतो. माझे असे तीन गेले. शेवटी 400 चा पॉलिश पेपर, मग 1000 चा, लांबीच्या दिशेने, आडवा नाही. कडेवरची बर (घासताना उरलेली खरखरीत कोर) नखाला लागली नाही पाहिजे, बर राहिली की ती प्रत्येक पिनला अडते आणि तुम्हाला वाटतं पिन सेट झाली, म्हणजे योग्य उंचीवर बसली.

टेन्शनरचं थोडक्यात, म्हणजे पिना उचलताना सिलिंडरला फिरवायचा हलका ताण देणाऱ्या पट्टीचं. सिलिंडर वाईसमध्ये पिना वर येतील असं धरा. खालून टेन्शन दिलं तर अरुंद की-वेमध्ये पिकला जागाच उरत नाही, म्हणून वरून, पहिल्या पिनच्या आधीच्या जागेत बसेल अशी छोटी चपटी पट्टी करा. गाडीच्या वायपरच्या रबरात स्टीलच्या दोन पट्ट्या असतात, गॅरेजवाला जुने वायपर फुकट देतो. तोंडाजवळ घट्ट बसेपर्यंत घासत जा, जास्त घासली तर सैल होते आणि मग परत नवीन.

ते युरो सिलिंडर माझ्याकडून उघडायला अकरा संध्याकाळी लागल्या, आणि उघडलं तेव्हा बायकोने विचारलं, "मग आता याची किल्ली कुठंय?" ती मिळालीच नव्हती मुळात.