मिठीकाठी चालायला जाताय? आधी तिथी बघा

मुंबईतली मिठी नदी बघायला लोक जुलैत जातात, तेही पुलावर उभं राहून, पाणी किती चढलंय ते पाहायला. पहिल्यांदाच जात असाल तर माझं ऐका आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये जा. त्या दिवसांत विहार आणि पवई हे दोन्ही तलाव ओसंडून वाहत नसतात. म्हणजे जिथून मिठी निघते तिथूनच तिला पाणी मिळत नाही. तरी कुर्ल्याच्या पुलाखाली पाणी असतंच. मग ते पाणी कोणाचं? तलावाचं, घराघरांतल्या मोऱ्यांचं, कारखान्याचं की समुद्राचं? चालताना दर थांब्यावर एवढाच प्रश्न विचारायचा. कसा विचारायचा आणि उत्तर कसं काढायचं, ते खाली लिहिते.

माझी सगळी नोकरी एका रसायनांच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेली. सांडपाण्याचे नमुने तपासायचे, आकडे वहीत चढवायचे, हे रोजचं काम. त्यामुळे मी नदी नाकानं आणि आकड्यांनी बघते, रंगावर विश्वास ठेवत नाही. पाणी काळं दिसलं की लोक लगेच ‘केमिकल’ म्हणतात. खरी रसायनं कितीतरी वेळा बिनरंगी असतात, आणि काळ्या रंगाचं कारण वेगळंच असतं. त्याकडे पुढे येते.

वेळ ठरवणं

मिठीचा खालचा भाग ही खाडी आहे. तिथं भरतीच्या वेळी गेलात तर अरबी समुद्र बघून याल आणि नदी ‘बरी’ वाटेल. ओहोटीला गेलात तरच शहर काय सोडतंय ते दिसतं. भरतीची वेळ काढायची आपल्या किनाऱ्यावरची जुनी रीत आहे: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती, पहाटेही आणि दुपारीही. त्यानंतर साधारण सहा तासांनी, नऊच्या सुमारास, ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तेव्हा छापील भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून घ्या. मला चतुर्थी-पंचमी सोयीची वाटते. ओहोटी सकाळी नऊ-दहाला लागते, ऊन चढलेलं नसतं आणि उधाणाचा जोर अजून ओसरलेला नसल्यामुळे गाळ दूरवर उघडा पडतो. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा, पाणी फारसं उतरतच नाही.

वरच्या भागाला, फिल्टरपाड्यापासून साकीनाक्यापर्यंत, तिथीचं बंधन नाही. म्हणून दोन सकाळी वेगळ्या ठेवा. सगळी नदी सुमारे 18 किलोमीटरच आहे, पण ती सलग चालता येत नाही. मधे विमानतळ आहे, भिंती आहेत, वस्त्या आहेत. एका दिवसात उरकायचा हट्ट धरला की शेवटी फक्त रिक्षातून पूल दिसतात.

सोबत काय घ्यायचं

टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजायचं पेन, पीएचच्या (आम्लता दाखवणाऱ्या) पट्ट्या, साधा तापमापक, दोरी बांधलेली प्लॅस्टिकची बादली, जाड हातमोजे, पांढरी प्लॅस्टिकची बशी, वही. निघण्यापूर्वी घरच्या नळाच्या पाण्याचा टीडीएस मोजून वहीत पहिल्या ओळीवर लिहा. तो पुढे कामाला येईल. पायात बंद बूट हवेत. पायाला जखम असेल तर त्या दिवशी जाऊ नका, लेप्टोस्पायरोसिस ही काही वर्तमानपत्री भीती नव्हे. आणि झाकलेल्या नाल्यात, पाइपात डोकं घालायचं नाही. सडक्या अंड्यांचा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. तो वायू फार वाढला की नाक बधिर होतं आणि वास येणंच बंद होतं. वास गेला म्हणून धोका टळला, असं समजणारी माणसं गटारात मरतात.

वरचा भाग: तलाव आणि पहिला नाला

विहार तलावाच्या काठाशी जाता येत नाही, तिथं बंदी आहे. फिल्टरपाड्याच्या आसपास नदी पहिल्यांदा दिसते. उन्हाळ्यात ती इथं इतकी लहान असते की हीच ती, यावर विश्वास बसत नाही. विहारचा बंधारा 1860 साली पुरा झाला आणि मुंबईला नळाचं पाणी पहिल्यांदा मिळालं ते इथून. 1879 मध्ये तुळशी तलाव आला, 1890 च्या सुमारास पवई. म्हणजे गिरण्यांची धुराडी शहरभर उभी राहण्याआधीच या नदीचं डोकं कापून शहरानं स्वतःकडे घेतलं होतं. मिठीचा औद्योगिक इतिहास लोक साकीनाक्यापासून सुरू करतात. मी या बंधाऱ्यापासून करते.

विहारमध्ये भरल्यावर सुमारे 2,770 कोटी लिटर पाणी मावतं. आजच्या मुंबईला ते आठवडाभर जेमतेम पुरेल. बाकीचं पाणी भातसा, तानसा, वैतरणा इथून येतं. अभियंते हिशेब करताना पुरवलेल्या पाण्याचा 80 टक्के भाग सांडपाणी म्हणून परत येतो असं धरतात. आता मार्चमधल्या मिठीकडे बघा. तिच्यातलं बरंचसं पाणी शहापूर तालुक्यातल्या धरणांचं आहे, आपल्या घरांतून फिरून आलेलं. पवईच्या डोंगराचा त्यात जवळजवळ काही वाटा नाही.

हे पडताळायचं असेल तर नळाच्या पाण्याचा तो पहिला आकडा काढा. नदीला मिळणाऱ्या प्रत्येक नाल्याच्या थोडं वर आणि थोडं खाली टीडीएस मोजा. घरगुती सांडपाण्यात मीठ, साबण, मूत्र मिसळलेलं असतं, त्यामुळे आकडा नळाच्या कितीतरी पट होऊन काहीशेवर जातो, पण एका पातळीत राहतो. नाल्याखाली तो एकदम उडी मारत असेल, तर घरांखेरीज दुसरं काही मिसळत असावं; त्या नाल्यावर खूण करा आणि पुढच्या वेळी दुसऱ्या वाराला, दुसऱ्या वेळेला या. आरे वसाहतीच्या बाजूनं तबेल्यांचं शेणही येतं. त्याचा वास घरगुती मैल्यापेक्षा वेगळा, गोडसर असतो. एकदा ओळखू आला की विसरत नाही.

मरोळ, साकीनाका: कारखान्याचं पाणी कसं ओळखावं

मोठ्या कारखान्याचं पाणी शोधणं सोपं असतं, कारण त्याला ठरलेलं तोंड असतं. मिठीकाठी अडचण छोट्या गाळ्यांची आहे. धातूला आम्लात बुडवून साफ करणारे, मुलामा देणारे, भंगारातली पिंपं धुणारे, गाड्यांचं ऑइल बदलणारे. एकेकाचं पाणी बादलीभर, पण बादल्या असंख्य. ते सतत वाहत नाही, झटक्यांनी येतं. म्हणून एका नमुन्यावरून निकाल देऊ नका.

आधी तापमान. आजूबाजूच्या पाण्यापेक्षा एखाद्या तोंडाचं पाणी चार-पाच अंशांनी गरम असेल तर ते घरातलं नाही. मग पीएच. घरगुती सांडपाणी सातच्या आसपास असतं. पट्टी तीन-चार दाखवत असेल तर आम्ल, दहा-अकरा असेल तर कॉस्टिक किंवा चुना. नियमानुसार नदीत सोडायच्या पाण्याचा पीएच 5.5 ते 9 च्या आत हवा.

पाण्यावर इंद्रधनुषी तवंग दिसला की तेल म्हणू नका. काडीनं तो हलवा. तवंगाचे काचेसारखे तुकडे झाले आणि तसेच राहिले, तर तो लोहाच्या जिवाणूंचा पापुद्रा आहे. काडी काढल्याबरोबर पुन्हा एकत्र पसरला, तर तेल.

खर्च करायची तयारी असेल तर दोन लिटरचा नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी खाजगी प्रयोगशाळेत द्या आणि बीओडी, सीओडी दोन्ही मागा. बीओडी म्हणजे जिवाणूंना ती घाण खायला किती ऑक्सिजन लागतो. आपल्याकडे ती 27 अंशांवर तीन दिवस ठेवून मोजतात. सीओडी म्हणजे रसायनानं सगळंच जाळायला किती लागतो. सीओडीला बीओडीनं भागा. उत्तर दोन-अडीच आलं तर ते माणसांच्या घरातलं पाणी. चार-पाचच्या वर गेलं तर त्यात जिवाणूंना न पचणारं काहीतरी आहे, आणि ते बहुधा कारखान्यातून आलंय. नुसता बीओडीचा आकडा घेऊन मोर्चे काढणाऱ्यांचं मला नवल वाटतं, कारण विषारी पाण्यात जिवाणूच मरतात आणि बीओडी उलट कमी येतो.

विमानतळ

इथं नदी धावपट्टीखालून जाते. तिच्या मागोमाग जाता येत नाही, फोटो काढू नका, वळसा घालून कुर्ल्याच्या बाजूला उतरा. नकाशावर मात्र हा भाग नीट बघा. नदीला इथं काटकोनात वळवलंय, आणि नद्या आपणहून सहसा अशा वळत नाहीत. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, कुलाब्याला 73. शहराची जुनी गटारं ताशी 25 मिलिमीटर पावसासाठी बांधलेली, तीही ओहोटी असेल तर. जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांच्या समितीनं त्या पुराचा तपास केला, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मिठीसाठी वेगळं प्राधिकरण नेमलं गेलं.

कुर्ला: गाळ बघा, पाणी नको

सीएसटी रोडच्या पुलावर टीडीएसचं पेन पुन्हा काढा. ओहोटीत आकडा काहीशे असेल. भरती चढायला लागली की हजारांत जातो आणि बरीचशी पेनं 9,990 नंतर हात टेकतात. समुद्राचं पाणी 35,000 च्या आसपास असतं, ते मोजायची या पेनाची ताकद नाही. हा आकडा जिथं उडतो तिथं त्या दिवशीची खाडी संपते. ही जागा तिथीप्रमाणे खालीवर सरकते, म्हणून वहीत तिथी लिहायची.

कुर्ल्यात उद्योग जुना आहे. जमशेटजी टाटांनी 1886 मध्ये इथली बंद पडत आलेली धरमसी गिरणी घेऊन तिची स्वदेशी मिल केली. प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा मोटारींचा कारखाना इथलाच. मग भंगाराचा धंदा वाढला. पाणी हे सगळं विसरतं, दोन दिवसांत समुद्रात जातं. गाळ विसरत नाही. जड धातू बारीक चिकणमातीला आणि कुजणाऱ्या मैल्याला चिकटतात आणि थरांत बसून राहतात.

आता काळ्या रंगाबद्दल. मैल्यानं पाण्यातला ऑक्सिजन संपवला की जिवाणू समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरू लागतात. त्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो, तो गाळातल्या लोखंडाला भेटतो आणि काळं आयर्न सल्फाइड तयार होतं. हातमोजा घालून काठावरचा थोडा काळा गाळ बशीत घ्या आणि तासभर उघडा ठेवा. वरचा थर तपकिरी पडायला लागेल, कारण हवेत ते सल्फाइड टिकत नाही. पोरांना दाखवायला यापेक्षा चांगला प्रयोग नाही.

याच प्रयोगात एक काळजीची गोष्टही आहे. काळ्या गाळात शिसं, जस्त, कॅडमियम सल्फाइडच्या रूपात अडकून पडलेले असतात. दरवर्षी पावसाळ्याआधी गाळ उपसून काठावर टाकला, की हवा लागून तेही मोकळे व्हायला लागतात आणि पहिल्या सरीबरोबर परत नदीत. उपसा नको असं मी म्हणत नाही, पुराची जागा मोकळी करावीच लागते. पण उपसलेला गाळ किती दिवस काठावर पडून आहे, हे तारखेसह लिहून ठेवा. माझ्या मते तुमच्या वहीतली सर्वांत मोलाची नोंद ती असेल.

वांद्रे-कुर्ला संकुल ते माहीम

2005 च्या पुरानंतर कुर्ल्यापासून माहीमपर्यंतच्या शेवटच्या सुमारे सहा किलोमीटरांचं काम एमएमआरडीएकडे (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे) दिलं होतं. संकुलाची जमीन म्हणजे खाडीकाठची दलदल. 1977 मध्ये एमएमआरडीएला तिचं नियोजन दिलं गेलं आणि भराव पडत गेला. काचेच्या इमारतींकडे पाठ करून उभं राहा आणि काठाची भिंत बघा. जिथं सरळ भिंत आहे तिथं गाळाचा उतार नाही, आणि उतार नाही तिथं तिवरं उगवत नाहीत.

तिवरांची श्वासमुळं ओहोटीला पेन्सिली रोवल्यासारखी वर आलेली दिसतात. त्यांना प्लॅस्टिक किती गुंडाळलंय ते बघा, कारण मुळं झाकली गेली की झाड गुदमरतं. त्यांच्या पायथ्याशी निवट्या उड्या मारताना दिसतील. हा मासा ओल्या कातडीतूनही श्वास घेतो, म्हणून पाण्यात ऑक्सिजन नसला तरी त्याचं निभतं. हिवाळा सरेपर्यंत शेकाट्या पक्षीही असतात, लांब गुलाबी पायांचे. त्यांना बघून ‘नदी सुधारली’ असं लिहू नका. ते गाळातल्या लाल अळ्या टिपायला येतात, आणि त्या अळ्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असल्यामुळे त्या घाणीतच माजतात. पाणी सुधारलंय का, हे साध्या गिलांच्या माशांवरून ठरतं. त्यांना लिटरमागे साधारण चार मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो.

धारावी हे मूळ कोळीवाड्याचं गाव. 19 व्या शतकाच्या अखेरीला इथं कातडी कमावण्याचे धंदे आले, कमावणारे बरेचसे तमिळ मुलखातले. आधी झाडांच्या साली आणि हिरडा, पुढे क्रोमियमचे क्षार. 1971 मध्ये देवनारचा कत्तलखाना सुरू झाला, आणि पुढे कातडी भिजवण्याचं ओलं काम बहुतेक धारावीबाहेर गेलं. आज दिसतात ती बॅगा-पट्ट्यांची दुकानं. गाळाचा नमुना प्रयोगशाळेत देणार असाल तर इथं क्रोमियम जरूर मागा. शेजारच्या निसर्ग उद्यानातही जाऊन या. आधी कचराभूमी होती, तिथं झाडं लावून 1994 मध्ये उद्यान खुलं झालं, आणि नदीकाठ तिथं निवांत उभं राहून बघता येतो.

माहीमचा कॉजवे, म्हणजे खाडीवरून नेलेला भरावाचा रस्ता, 1845 चा. अवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी त्यासाठी 1,57,000 रुपये दिले. त्याआधी इथं होड्या होत्या आणि खाडीचं तोंड मोकळं होतं. भरती सुरू होताना कॉजवेवरून पाणी कुठं दाटतं ते पाहा.

वहीत दर थांब्याला एक ओळ पुरे: तारीख, तिथी, वेळ, जागा, टीडीएस, पीएच, तापमान, वास. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार करायची झाली तर ‘पाणी घाण आहे’ याला कोणी विचारत नाही. ‘अमुक पुलाच्या वरच्या अंगाला डाव्या काठच्या तोंडातून सकाळी 7 ला पीएच 3, तापमान 38’ अशी ओळ फोटोसकट गेली, की निदान कोणत्या गाळ्यावर जायचं ते तपासनीसाला कळतं. तीच फेरी ऑगस्टमध्ये, विहार ओसंडल्यावर पुन्हा करा आणि आकडे शेजारच्या रकान्यात मांडा.